तात्यांची सात वर्षं पलटणीत, आठ वर्षं रिझर्व्हमध्ये. पेन्शन बसते का?

धनकवडीची_सून (धागाकर्ती)

नमस्कार. इथे फौजेतून निवृत्त झालेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्या.

माझे चुलत सासरे, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, आता ८१ वर्षांचे आहेत. गाव पाटण तालुक्यात. १९६२ च्या चीन युद्धानंतर फौजेत धडाधड भरती चालू होती, त्यात नोव्हेंबर १९६३ मध्ये ते पायदळात शिपाई म्हणून लागले. पलटणीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. १९६५ ची लढाई बघितली. १९७० मध्ये सात वर्षं भरली तसं त्यांना रिझर्व्हला पाठवलं (म्हणजे घरी राहायचं, बोलावलं की हजर व्हायचं). गावी येऊन शेती धरली. १९७१ मध्ये तार आली आणि गडी पुन्हा पलटणीत हजर. १९७२ ला परत घरी, आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये रिझर्व्हमधूनही नाव कमी झालं. मग पुणे. भोसरी-चिंचवडकडच्या कारखान्यांच्या गेटवर रात्रपाळ्या केल्या, शरीराने साथ दिली तोवर. मूलबाळ नाही. तात्या आणि काकू आमच्याच घराच्या खालच्या खोलीत राहतात.

आम्ही दोघांचं बघतोच, त्याबद्दल तक्रार नाही. पण काकूंच्या मधुमेहाच्या गोळ्या संपल्या की तात्या दोन दिवस बोलत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी कसनुसं तोंड करून माझ्या नवऱ्याला हाक मारतात. ते बघवत नाही.

त्यांचं डिस्चार्ज बुक आहे. पत्र्याच्या ट्रंकेत, मेणकापडात बांधून ठेवलेलं. शिवण उसवली आहे, पण शाई शाबूत आहे. उंची फूट-इंचात, ओळख म्हणून डाव्या पोटरीवरचा विळ्याचा वण, वर्तणूक ‘व्हेरी गुड’. नाव कमी होण्याचं कारण म्हणून ‘सेवेच्या अटी पूर्ण’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. एका पानावर लाल शाईत १८ दिवस ‘ओ.एस.एल.’ (रजा संपल्यावरची गैरहजेरी) लिहिलंय, डिसेंबर १९६७ चे. तात्या म्हणतात, रजेवर आलो होतो आणि कोयनेचा भूकंप झाला. घराची मागची भिंत आत पडली, आई दगडाखाली सापडली, तिला कऱ्हाडला हलवलं. रजा संपली तरी गेलो नाही.

मागच्या वर्षी संबंधित कार्यालयाला पत्र घातलं. उत्तर आलं की पेन्शन नसलेल्यांचे कागद २५ वर्षांनंतर नष्ट केले जातात, सबब काही करता येत नाही. फोनवर एकाने सांगितलं, १५ वर्षं नोकरी लागते, यांची सातच आहे, विषय संपला.

खरंच संपला का?

सदाशिव३०

वय आणि सेवा यांचा पूर्ण आदर ठेवून लिहितो. करार सात वर्षांचा होता, सात वर्षं पगार मिळाला, करार संपला. शिपायाला पेन्शनसाठी १५ वर्षं लागतात, हा नियम काही काल केलेला नाही. आणि १९७८ पासून आजपर्यंत कुणाला का सुचलं नाही? वरातीमागून घोडं.

माहेर_कोरेगाव

सदाशिवराव, करार सातचा नव्हता, पंधराचा होता. सात वर्षं वर्दीत, आठ वर्षं घरी पण सरकारच्या हाताखाली. माझे वडील रिझर्व्हला होते. ट्रेनिंगला बोलावलं की पेरणी टाकून जायचं. मुंबईला गोदीत नोकरी लागत होती, मालकाने विचारलं, बोलावणं आलं तर? गेली नोकरी. ती आठ वर्षं कुणाच्या खात्यावर लिहायची?

का सुचलं नाही म्हणता, तर सांगणारं कोण होतं गावात?

हवालदार_क्लार्क

ताई, विषय संपलेला नाही. मी रेकॉर्ड ऑफिसात आयुष्य काढलंय (तुमच्या तात्यांच्या नाही, दुसऱ्या), तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

फोनवरच्या माणसाने तुम्हाला सर्व्हिस पेन्शनचा नियम सांगितला. त्याला १५ वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष वर्दीतली नोकरी लागते. तात्यांचा प्रश्न त्या खणातला नाहीच. त्यांचा खण वेगळा, रिझर्व्हिस्ट पेन्शनचा. १९६१ च्या आर्मी पेन्शन रेग्युलेशन्समधला नियम १५५ काढा. त्यात म्हटलंय की ज्याला सर्व्हिस पेन्शन नाही, अशा रिझर्व्हिस्टची कलर आणि रिझर्व्ह मिळून किमान १५ वर्षं भरली तर त्याला रिझर्व्हिस्ट पेन्शन देता येते. तेव्हाचा दर होता महिना १० रुपये ५० पैसे. किंवा त्याऐवजी एकरकमी ८०० रुपये ग्रॅच्युइटी. दोन्हींतलं एकच, आणि एकदा निवडलं की फिरवता येत नाही.

आता ही रक्कम वाचून हसू येईल, पण तोच धागा पुढे वाढत आलाय. वेतन आयोगागणिक किमान पेन्शन चढली. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राची किमान मूळ पेन्शन ९,००० रुपये आहे, वर महागाई भत्ता. शिवाय पेन्शनर झाल्यावर ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, नाव घालता येतं. काकूंच्या गोळ्यांचा प्रश्न तिथे सुटतो. पेन्शनच्या आदेशात बायकोचं नाव चढलं की तात्यांच्या मागे काकूंना फॅमिली पेन्शन. म्हणून हा नाद सोडू नका.

आता कागद. ‘नष्ट केले’ हे उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. २५ वर्षांनंतर नष्ट होतो तो शीट रोल, म्हणजे जवानाच्या नोकरीचा तपशीलवार कागद, आणि त्याच्याबरोबरचं भेंडोळं. लाँग रोल नष्ट करत नाहीत. लाँग रोल म्हणजे भलंमोठं जाड रजिस्टर, प्रत्येक नंबरापुढे एक ओळ: भरती कधी, रिझर्व्हला कधी, नाव कमी कधी, कारण काय, पैसे काय दिले. आम्ही दोघं मिळून ते उचलायचो. तेव्हा पुढचा अर्ज ‘कागद द्या’ असा करू नका. ‘लाँग रोलमधल्या माझ्या नोंदीचा साक्षांकित उतारा द्या’ असा करा. माहिती अधिकारात, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, आणि अर्जदार म्हणून तात्यांचंच नाव, त्यांचीच सही. तुमच्या नावाने केलात तर त्रयस्थाची वैयक्तिक माहिती म्हणून परत येईल.

अर्ज योग्य दारात टाका, म्हणजे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं इथेच खडकीला. पुण्यातल्या सदर्न कमांडला पत्र टाकलं की काम होतं असा इथे गोड गैरसमज आहे.

तीन गोष्टी बघून इथे लिहा. एक, मेडलांचं पान. संग्राम मेडलची नोंद असेल तर १९७१-७२ मध्ये तात्या पुन्हा वर्दीत होते याचा तो पुरावा. दोन, ते १८ दिवस नंतर रजेत धरले की गैरहजेरी म्हणून तसेच ठेवले. लाल शाईच्या शेजारी किंवा खाली दुसऱ्या शाईत काही आहे का? तीन, आणि हीच खरी मेख: १९७८ मध्ये हातात काही पैसे पडले होते का, किती?

लोकल_पुणेकर

वाचनखूण साठवली. आमच्या सोसायटीचे जुने वॉचमनकाका पण असेच.

धनकवडीची_सून

हवालदारसाहेब, किती आभार मानू.

मेडलांच्या पानावर रक्षा मेडल आणि संग्राम मेडल, दोन्हींच्या नोंदी आहेत. मेडलं मात्र नाहीत. एक गावच्या घरात हरवलं, दुसरं पुतण्याने लहानपणी भोवऱ्याच्या बदल्यात कुणाला तरी दिलं. (तो पुतण्या म्हणजे माझा नवरा.)

लाल शाईच्या खाली काहीच नाही.

पैशाचं विचारलं तर तात्या आधी म्हणाले, छे, दमडी नाही. काकू आतून म्हणाल्या, मनिऑर्डर आली नव्हती का, तुमच्या बहिणीच्या लग्नाच्या साली? मग दोघांचं जुंपलं. तात्यांचं म्हणणं, ती मनिऑर्डर १९७० ची, पलटण सोडल्यावरची. काकूंचं म्हणणं, नाही, नणंदेचं लग्न १९७९ चं, त्याच पैशातून तिला पितळी हंडा घेतला. किती आले ते दोघांनाही आठवत नाही. ‘शेकड्यात होते’ एवढंच.

हवालदार_क्लार्क

हंड्यावर साल कोरलंय का बघा. गंमत नाही करत. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यावर नाव-तारीख घालायची पद्धत आहे.

१९७० चे पैसे असतील तर ते बहुधा प्रॉव्हिडंट फंडाचे. कलर सर्व्हिस सोडताना फंड हातात द्यायचे, त्याचा पेन्शनशी संबंध नाही. १९७८-७९ चे असतील तर दोन शक्यता: राहिलेला रिझर्व्ह पे (रिझर्व्हमध्ये असतानाचा पगार), नाहीतर ८०० ची ग्रॅच्युइटी. ग्रॅच्युइटी असेल तर प्रकरण अवघड होतं. पण ती दिली असेल तर लाँग रोलला नोंद हवी, आणि पेन्शनऐवजी ग्रॅच्युइटी हवी असं तात्यांनी लिहून दिलेला पर्याय हवा. तो कागद त्यांनी दाखवायचा. तुम्ही आपणहून ‘आम्हाला मनिऑर्डर आली होती’ असं अर्जात मोघम लिहू नका. खोटंही लिहू नका. उतारा येईपर्यंत त्या मुद्द्यावर गप्प बसा.

सदाशिव३०

हे बरंय. साधा हिशेब करा. महिना साडेदहा रुपये आणि रोख ८००. ८०० भागिले साडेदहा म्हणजे ७६ महिने, सव्वासहा वर्षांची पेन्शन एकदम हातात. १९७८ मध्ये कुठलाही शहाणा माणूस ८०० घेईल. तात्यांनी घेतले असतील तर त्यांनी विचार करूनच घेतले. पुढे सरकारने पेन्शन वाढवली म्हणून आता निवड फिरवायची? मग फंडात गुंतवणूक करून नंतर शेअर वाढला म्हणून रडणारे आणि हे यात फरक काय?

माहेर_कोरेगाव

फरक एवढाच की गुंतवणूक करणाऱ्यापुढे छापील माहितीपत्रक असतं. तात्यांपुढे इंग्रजी फॉर्म आणि बोट दाखवणारा बाबू. ‘इथे सही कर’. माझ्या वडिलांनी अशा किती कागदांवर सह्या केल्या त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काळा_कोट

दोघंही घोड्याच्या पुढे गाडी जोडताय. आधी उतारा येऊ द्या.

कायद्याची बाजू थोडक्यात. पेन्शनचा दावा उशिरा केला म्हणून तो मरत नाही. पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय धरतात. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा तरसेम सिंग खटला याच मुद्द्यावर आहे: १९८३ मध्ये वैद्यकीय कारणाने सैन्यातून बाहेर पडलेला जवान १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेला. दावा मान्य झाला, पण थकबाकी दाद मागण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच. म्हणजे सदाशिवरावांच्या ‘इतकी वर्षं काय केलं’चं उत्तर कायद्याने देऊन ठेवलंय. उशिराची शिक्षा थकबाकीत कापून घेतात, हक्क कापत नाहीत. त्यामुळे तात्यांना १९७८ पासूनचे पैसे मिळतील अशी स्वप्नं कुणी दाखवली तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

१८ दिवसांचं म्हणाल तर ते फार मोठं संकट नाही. गैरहजेरीचे दिवस पात्र सेवेतून वजा होतात, म्हणजे वाईटात वाईट म्हणजे १५ वर्षांना १८ दिवस कमी. त्याच रेग्युलेशन्सच्या नियम १२५ मध्ये सेवेतली तूट माफ करायची सोय आहे. मुळात सहा महिन्यांपर्यंत होती, २००१ च्या आदेशाने एक वर्षापर्यंत गेली. रिझर्व्हिस्ट पेन्शनलाही लागू आहे. अडचण असते ती स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलेल्यांना. तात्यांच्या बुकात ‘अटी पूर्ण’ लिहिलंय, ते सोन्याहून पिवळं.

क्रम असा: उतारा, मग रेकॉर्ड ऑफिसला रीतसर निवेदन. तिथून प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयात जातं. नकार आला किंवा सहा महिने काहीच आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्याला मुंबईचं खंडपीठ. नकाराचं पत्र आलं की तारीख लिहून ठेवा, तिथूनही सहा महिन्यांची मुदत मोजतात. पेन्शनच्या बाबतीत न्यायाधिकरण उशीर बऱ्यापैकी माफ करतं, पण नव्याने उशीर कशाला करायचा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा सैनिक कार्यालयात विचारा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली आहे. सैनिक मंडळांच्या कार्यालयांत मोफत कायदेशीर मदत केंद्रं उघडायची, अशी ती योजना.

लोहगाव_रनवे

एक पाचर मारून ठेवतो, कारण पुढे कुणीतरी तात्यांच्या तोंडावर हा निकाल फेकेल. नौदलात ३ जुलै १९७६ नंतर खलाशांना फ्लीट रिझर्व्हमध्ये घेणं बंद झालं. त्यानंतर सुटलेल्यांनी, आम्हालाही रिझर्व्हमध्ये धरा आणि पेन्शन द्या, असा दावा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये टी. एस. दास खटल्यात मान्य केला नाही. ते लोक रिझर्व्हमध्ये गेलेच नव्हते. तात्या आठ वर्षं होते, आणि बोलावल्यावर गेलेही होते. दोन्ही प्रकरणं एका मापाने मोजू देऊ नका.

इतिहासवेडा

यांना स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचा अर्ज का करत नाही? आमच्या आजोळच्या एकांना मिळत होती, तेही फौजेतच होते.

माहेर_कोरेगाव

ते आझाद हिंद सेनेतले असणार. ती पेन्शन १९७२ ला सुरू झाली आणि ती स्वातंत्र्यलढ्यासाठी आहे. तात्या १९६३ चे. वेगळी गोष्ट.

दिघीकर

पेन्शनची लढाई लढाच, पण तोवर चूल कशाने पेटणार? केंद्रीय सैनिक बोर्डाचं पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीतल्यांसाठीचं अनुदान, आहे ना. पेन्शन नसलेला, हवालदार किंवा खालच्या हुद्द्याचा, वय ६५ च्या पुढचा माजी सैनिक किंवा त्याची विधवा. महिना ४,००० होते, ते १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झालेत. तात्या यात चपखल बसतात. औषधोपचारासाठीही पेन्शन नसलेल्यांना वेगळं अनुदान आहे.

अर्ज ऑनलाइन भरायचा, पण तपासणी आणि शिफारस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून. डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या प्रती (कोऱ्या पानांच्यासुद्धा, हसू नका), आधार, बँकेचं पासबुक, आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र. तात्यांकडे ओळखपत्र नसणार, बहुतेक रिझर्व्हवाल्यांकडे नसतंच. आधी ते काढा.

बुकात नाव एक आणि आधारवर दुसरं, असं आहे का ते आजच बघा. दिघी-धानोरीकडे माजी सैनिकांची वस्ती मोठी. आमच्या गल्लीत एका काकांचं प्रकरण निव्वळ ‘राव’वर अडलं. फौजेत नुसतं नाव, आधारवर पुढे ‘राव’. प्रतिज्ञापत्र, मग गॅझेट, मग पुन्हा बँक. काका म्हणाले, हा राव मला फार महागात पडला.

धनकवडीची_सून

हे अनुदान घेतलं तर पेन्शनच्या दाव्याला बाधा येते का? ‘अनुदान घेतोय म्हणजे पेन्शन नाही हे मान्य केलं’ असं कुणी म्हणणार नाही ना?

दिघीकर

नाही. दोन्ही वेगळ्या वाटा. पेन्शन लागली की अनुदान बंद होतं, कारण ते पेन्शन नसलेल्यांसाठीच आहे. तेव्हा आपणहून कळवायचं.

चौकातला

एक धोक्याची सूचना. ‘जुनी पेन्शन काढून देतो, पहिल्या वर्षाचं निम्मं आमचं’ असं सांगत फिरणारे महाभाग आहेत. गोड बोलून मूळ डिस्चार्ज बुक ‘साहेबांना दाखवायला’ नेतात. माझ्या मामांचं असंच गेलं, आणि मग त्याच बुकासाठी पैसे मागत होते. मूळ बुक कुणाच्या हातात देऊ नका. दाखवायचं तर स्वतः समोर बसून दाखवायचं. पेन्शन लागून ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर खातं उघडलं की ओटीपी विचारणारे फोन सुरू होतील, ते वेगळंच.

सॅनहोजेकर

इतकं कशाला? केंद्राच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर एक तक्रार टाका, २१ दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग आहे.

हवालदार_क्लार्क

उत्तर नक्की येईल. ‘कागद २५ वर्षांनंतर नष्ट’ हेच येईल, फक्त लवकर येईल. एकदा पोर्टलवर तसं उत्तर नोंदलं गेलं की पुढचा प्रत्येक बाबू तेच चिकटवतो. आधी उतारा.

संपादक

प्रतिसाद चांगले येताहेत, म्हणून आगाऊ विनंती. अग्निवीर, वन रँक वन पेन्शन आणि कोणत्या सरकारने काय केलं, यासाठी वेगळे धागे आहेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

धनकवडीची_सून

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला, कारण घरातच एक आघाडी उघडली होती.

पेन्युरी ग्रँटचा फॉर्म भरला, तर तात्या सही करेनात. म्हणाले, पेन्शन माझी आहे, ती द्या. गरिबीचा दाखला देऊन पैसे घ्यायला मी फौजेत गेलो नव्हतो. नवऱ्याने समजावलं, मी समजावलं. आमच्या ओळखीतले एक सुभेदारसाहेब घरी येऊन गेले, त्यांच्यासमोर तात्या ताठ उभे राहिले, चहा पाजला, ‘जी साहब’ म्हणाले आणि सही केली नाही. शेवटी काकू म्हणाल्या, “तार आली तेव्हा मला इचारलंवतं का? माझ्या पोटात तिसरा म्हैना हुता. गेलात न्हवं सांगितलं तसं? मग आता मी सांगतीया, करा सही.” तात्यांनी चष्मा मागितला आणि सही केली. ती तिसऱ्या महिन्याची गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

ओळखपत्राचं काम झालं. सैनिक कल्याण कार्यालयातल्या बाईंनी तात्यांना आधी बसायला खुर्ची दिली आणि मग कागद बघितले, एवढं लिहिणं माझं कर्तव्य. अनुदानाचा अर्ज पुढे गेलाय.

आणि लाँग रोलचा उतारा आला! एक पान, खाली शिक्का. भरती, रिझर्व्हला बदली, नाव कमी, तिन्ही तारखा डिस्चार्ज बुकाशी जुळतात, मिळून बरोबर १५ वर्षं. कारण ‘अटी पूर्ण’. १८ दिवसांची नोंद आहे, ‘नॉन-क्वालिफाइंग’ म्हणून. ग्रॅच्युइटीच्या रकान्यात आडवी रेघ.

हंड्यावर १९७९ आहे. काकू जिंकल्या.

हवालदार_क्लार्क

आडवी रेघ! ताई, त्या पानाच्या रंगीत प्रती काढा आणि मूळ कपाटात टाका. रेघ म्हणजे त्यांच्याच रजिस्टरप्रमाणे ग्रॅच्युइटी दिलेली नाही. मग १९७९ ची मनिऑर्डर राहिलेल्या रिझर्व्ह पेची असणार असं धरायला जागा आहे. आता कुणी ‘८०० दिले होते’ म्हणालं तर त्याने पुरावा आणावा.

सदाशिव३०

रेघ म्हणजे ‘दिली नाही’ की ‘नोंद केली नाही’? क्लार्कने जेवायच्या सुट्टीआधी घाईत मारलेली रेघही असू शकते.

हवालदार_क्लार्क

जेवायच्या सुट्टीआधी आम्ही लाँग रोल उघडतच नसू, तो बंद करायला दोन माणसं लागायची. पण शंका रास्त आहे. तेच समोरचा पक्ष म्हणेल. तरी सरकारी रजिस्टरचा अर्थ सरकारच्या बाजूने लावायचा असेल तर त्यासाठी दुसरा कागद लागेल, आणि दुसरे कागद नष्ट केले असं त्यांनीच लेखी दिलंय. ते पहिलं नकाराचं पत्र फेकून दिलं नाहीत ना? ते आता आपल्या कामाचं.

काळा_कोट

+१. ते पत्र निवेदनाला जोडा.

निवेदन दीड पानाच्या आत ठेवा. पहिल्या परिच्छेदात नंबर, हुद्दा, नाव, तीन तारखा. दुसऱ्यात १९७१ चं बोलावणं आणि संग्राम मेडलची नोंद. तिसऱ्यात मागणी: नियम १५५ प्रमाणे रिझर्व्हिस्ट पेन्शन. चौथ्यात पर्यायी मागणी, म्हणजे १८ दिवस अपात्र धरणार असाल तर नियम १२५ खाली ती तूट माफ करावी. कोयनेचा भूकंप इथे एका वाक्यात घाला, ११ डिसेंबर १९६७ ही तारीख घालून. भूकंप सरकारदरबारी नोंदलेला आहे, त्याला साक्षीदार लागत नाही. आईचं, भिंतीचं लिहायचं तर एकच ओळ. तात्यांची गरिबी, काकूंचं आजारपण यातलं काही नको. ते अनुदानाच्या अर्जात ठीक, इथे हक्क मागतोय.

थकबाकी ‘नियमानुसार’ एवढंच लिहा. आकडा टाकू नका.

माहेर_कोरेगाव

आणि दोघांचा जोडफोटो आत्ताच काढून ठेवा. पेन्शनच्या कागदांना लागतोच. काकूंचं नाव, जन्मतारीख, आधार आणि डिस्चार्ज बुकातलं बायकोचं नाव एकसारखं आहे ना? लग्नानंतर नाव बदललं असेल तर आत्ता निस्तरा. आमच्या आईला फॅमिली पेन्शनच्या वेळी याच कारणाने फार हेलपाटे पडले.

धनकवडीची_सून

बुकात काकूंचं माहेरचं नाव आहे. आता ते काम काढते. निवेदनाचा मसुदा तात्यांनी तीनदा वाचून घेतला आणि ‘शिपाई’च्या आधी ‘माजी’ लिहिलेलं खोडायला लावलं. मी पुन्हा घातलं. उद्या पाठवते.

सदाशिव३०

माझं मत बदललेलं नाही, करार तो करार. पण पाठवताय तर साध्या पोस्टाने पाठवू नका. रजिस्टर्ड ए.डी. करा आणि गुलाबी पोचपावती जपून ठेवा. पोच नसेल तर सहा महिने कुठून मोजणार?

लोकल_पुणेकर

रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, काका. आता स्पीड पोस्ट करायचं आणि खिडकीवर नोंदणीची सेवा वेगळी मागून घ्यायची.

सदाशिव३०

तेही बंद केलं का? बरं. मग खिडकीवरच्या माणसाकडून लिफाफ्यावरचा नंबर पावतीशी ताडून घ्या, ते चुकीचा चिकटवतात.